नकाशावरची मराठी अक्षरं

साहेबांचा चष्मा काचेच्या पेटीत ठेवला होता आणि त्याच्यावर वरून दिवा सोडला होता. साहेब असते तर म्हणाले असते, "अहो, चष्म्याला कशाला उजेड दाखवताय?" पण साहेबांना जाऊन बरीच वर्षं झाली, आणि म्युझियममध्ये मोठ्याने बोलायची रीत नाही. सगळे कुजबुजत होते, मयताला आल्यासारखे.

मला माझ्या नातीने नेलं. ती खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मोठ्या आर्किटेक्टच्या कामाचं प्रदर्शन भरलंय अशी बातमी तिच्या मोबाईलवर आली, वर साहेबांचा फोटो. "आजोबा, हे तुमचे साहेब ना? जाऊया की. अर्धी घरं तर तुम्हीच बांधलीत." बावीस वर्षं मी साहेबांचा मिस्त्री होतो. अर्धी नाही, सगळी मी बांधली. अर्धी म्हणायची सवय शिकलेल्या लोकांना असते.

दुसऱ्या दालनात नकाशे होते. मी लांबूनच ओळखले. साहेबांचं बारीक, उभं अक्षर, आणि सगळं मराठीत. स्वयंपाकघर. न्हाणीघर. जोतं. जिना, वर. बाजूला भिंतीवर इंग्रजी पाटी. नातीला म्हटलं, अक्षर बारीक आहे, तू वाच. तिने वाचून मराठीत सांगितलं. या काळात त्यांनी इंग्रजी जाणीवपूर्वक सोडली, मातृभाषेचा स्वीकार केला, इथल्या मातीशी नातं जोडलं, असं बरंच काही होतं.

"वॉव," नात म्हणाली. "खरंच असं होतं का हो?"

मी पुढच्या नकाशाकडे सरकलो.

दाराजवळ एक मुलगी कॅमेरा लावून बसली होती. साहेबांबरोबर काम केलेल्यांच्या आठवणी ती टिपून घेत होती. नातीने मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं. ती मुलगी उठून आली. "काका, साईटवरचे तुम्ही पहिलेच. बाकी सगळे आर्किटेक्टच आलेत. अर्ध्या तासाने तुमचं घेऊ? मला मुख्यतः त्या मराठी ड्रॉइंग्जबद्दल विचारायचंय."

त्या नकाशांसमोरच्या बाकावर मी अर्धा तास बसलो. साहेबांनी मराठी का धरली ते त्या दालनात फक्त मला ठाऊक होतं. पण ते सांगायचं तर कॅमेऱ्यापुढे, नातीच्या देखत, आणखी एक गोष्ट सांगावी लागणार होती. मला इंग्रजी वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं. घरात सगळ्यांची समजूत अशी की आजोबांना बोलता येत नाही, पण नकाशावरचं सगळं वाचता येतं. ही समजूत मीच करून दिलेली.

साहेब विक्षिप्त होते. पुण्यात विक्षिप्त माणसांचा तुटवडा नाही, पण बहुतेकांचा विक्षिप्तपणा जिभेपुरता असतो. साहेबांचा पायांतही होता. फरशी घालून झाली की ते बूट-मोजे काढायचे, डोळे मिटायचे आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सावकाश चालत जायचे. मध्येच थांबायचे. "मिस्त्री, इथं अर्धं सूत वर आहे." आमच्यात एका इंचाची आठ सुतं. अर्धं सूत म्हणजे जाड कागदाच्या घडीएवढं. मी पट्टी लावून बघायचो. असायचं. मग ते म्हणायचे, "आपण थोर आहात," आणि ती फरशी उखडावी लागायची.

साहेब सगळ्यांना अहो-जाहो करायचे. विटा वाहणाऱ्या बायकांना, पाणक्याला, वाळू घेऊन येणाऱ्या गाढवालासुद्धा. "अहो, जरा बाजूला व्हा, आपल्या मागून ट्रक येतोय." राग जितका मोठा तितका मान मोठा. त्यांनी मला कधी "मिस्त्रीमहाराज" म्हटलं की गडी हातातलं टाकून लांब जाऊन उभे राहायचे.

साईटवर ते खुर्चीत बसत नसत. घमेलं पालथं घालायचं, त्यावर पेपर टाकायचा आणि बसायचं. आणि पाणी. भिंतीला ज्या पिंपातलं पाणी मारायचं त्यातलं एक ओंजळ आधी स्वतः प्यायचे. "जे आपण पीत नाही ते भिंतीला का पाजायचं?" एका उन्हाळ्यात त्यांना कावीळ झाली ती त्याच पाण्याने. बरे होऊन आले, पहिल्या दिवशी पिंपाशी गेले, ओंजळ भरली. मी म्हटलं, "साहेब, पुरे आता." म्हणाले, "भिंतीला कावीळ झालेली चालेल का?"

घरमालकांना तर ते जुमानतच नसत. एका बाईंनी स्वयंपाकघर मोठं मागितलं. साहेब म्हणाले, "आपण तिथं स्वयंपाक करणार की कवायत?" दुसऱ्या एका गृहस्थांनी होकायंत्र घेतलेला वास्तुशास्त्री आणला. साहेबांनी त्याला चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा वास्तुपुरुष जो इथं आडवा झोपलाय, तो भाडं देणार आहे का? नाहीतर माझ्या मालकाला आधी झोपू द्या." काम गेलं. साहेबांना त्याचं काही नव्हतं. त्या काळात ते कोथरूडहून स्कूटरवर यायचे आणि स्कूटर उतारावरच लावायचे, कारण ती ढकलल्याशिवाय चालू होत नसे.

मला त्यांनी एका कामावरून उचललं. मी तिथं दगडी भिंत चढवत होतो. ते अर्धा तास बघत उभे राहिले आणि म्हणाले, "आपण दगड निवडताना हातात का घेत नाही?" मी म्हटलं, दगड डोळ्याने निवडायचा असतो, हाताने उचलायचा असतो. दुसऱ्या दिवशी निरोप आला. माझा गर्व एवढाच. एकदा ऐकलेलं माप मी विसरत नाही आणि एकदा लावलेला दगड मी हलवत नाही.

शाळेचं मात्र असं झालं. आमच्या खडकीच्या घरात निळ्या कोटातला फोटो आहे, बौद्धांच्या घरात असतो तसा, हातात पुस्तक असलेला. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. फोटोकडे बोट करून ते म्हणायचे, "ते वर्गाबाहेर बसून शिकले. तुला वर्गात बसून जमत नाही?" चौथीत मास्तरांनी दुसऱ्याच्या चुकीसाठी मला मारलं आणि वर मलाच माफी मागायला सांगितली. मी मागितली नाही. वडील म्हणाले, माग आणि जाऊन बस. तरी मागितली नाही. शाळा सुटली ती सुटलीच. मराठी पुढे मी पेपर वाचून वाचून पक्की केली. इंग्रजीला कुठून सुरुवात करायची तेच समजलं नाही. आकडे टेपवर शिकलो. अक्षरं राहिली. त्या फोटोसमोर "मला येत नाही" हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नाही, आणि पुढे ते दुसऱ्या कुणासमोरही निघालं नाही.

साहेबांचे नकाशे तेव्हा इंग्रजीत असायचे. माझं अडत नसे. ऑफिसात टेबलावर साहेब एकदा सगळं तोंडी समजावायचे, मापं माझ्या डोक्यात बसायची. कागद मी फक्त आकारासाठी बघायचो.

कर्वेनगरला टेकडीखाली एका निवृत्त प्राध्यापकांचं घर होतं. तेव्हा तिथं माळ होता. निळ्या प्रती छापून यायच्या होत्या, म्हणून साहेब मूळ कागदच साईटवरच्या शेडमध्ये ठेवून मुंबईला गेले. मूळ कागद म्हणजे ट्रेसिंग. दुधाच्या सायीसारखा, दोन्ही बाजूंनी आरपार दिसणारा. वाऱ्याने तो खाली पडला. मी उचलला, पसरून वर खडे ठेवले आणि जमिनीवर चुन्याची फक्की टाकून रेषा आखल्या. आठ दिवसांत पाया खणला, वाघोलीच्या खाणीतला दगड आणून जोत्याचे दोन थर लावले. जोतं असं बसलं होतं की बघत राहावं.

साहेब आले. स्कूटर लावली आणि तिथेच उभे राहिले. मग शेडमध्ये गेले, कागद घेऊन आले, आभाळासमोर धरला. उलटा केला. पुन्हा सुलटा केला. कागद पालथा पडला होता आणि मी तो पालथाच वाचला होता. पूर्वेचं सगळं पश्चिमेला गेलं होतं. रस्त्याकडचा वऱ्हांडा टेकडीकडे, टेकडीकडचं स्वयंपाकघर रस्त्याकडे. ज्याला अक्षरं येतात त्याला कागद पालथा आहे हे एका नजरेत समजलं असतं. मला सरळ इंग्रजी आणि उलटी इंग्रजी सारखीच, आणि मापं डोक्यात होती म्हणून आकड्यांकडे मी बघितलंच नव्हतं.

साहेबांनी कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मिस्त्री, हे आपण वाचून केलंत?"

"हो साहेब. वाचूनच केलं."

गडी ऐकत होते. मी महाराज होण्याची वाट बघत उभा राहिलो. साहेबांनी घमेलं पालथं घातलं आणि बसले. खिशातून शेंगदाणे काढले. दिवसभर बसून होते. दुपारी जेवायला उठले नाहीत. ऊन सरकेल तसं घमेलं सरकवायचे आणि पुन्हा बसायचे. सूर्य टेकडीवर टेकला तेव्हा उठले, जोत्यावर चढून जिथं वऱ्हांडा येणार होता तिथं उभे राहिले.

"वऱ्हांडा इथंच राहू दे," म्हणाले.

प्राध्यापक दुसऱ्या दिवशी आले आणि भडकले. "अहो, रस्ता त्या बाजूला आहे!"

साहेब म्हणाले, "मी विचार बदलला. रस्ता बघायची हौस असेल तर रस्त्यावर जाऊन उभे राहा. आपल्याला कोण अडवतंय?"

माझं नावसुद्धा घेतलं नाही. पुढे त्या घराचे फोटो परदेशातल्या मासिकांत छापून आले. कॉलेजची मुलं बस करून बघायला यायची. वऱ्हांड्यात बसून वह्यांत चित्रं काढायची. प्रदर्शनात त्या घराचं लाकडी मॉडेल आहे, छोट्या झाडांसकट. खरं घर प्राध्यापक गेल्यावर पाडलं. तिथं आता सात मजले आहेत आणि खाली गाड्या.

त्या घरानंतरच्या पहिल्याच कामाला नकाशे मराठीत आले. साहेब काही बोलले नाहीत. मी विचारलं नाही. साहेबांची एक नवी लहर, असं मी स्वतःला सांगितलं आणि वर्षभर ते खरं मानलं. मग एक दिवस ऑफिसातला ड्राफ्ट्समन चिडून म्हणाला, "मिस्त्री, तुमच्यापायी सगळं दोनदा काढावं लागतं हो. कॉर्पोरेशनला इंग्रजी, तुम्हाला मराठी. आणि मराठी आम्हाला लिहू देत नाहीत, रात्री घरी नेऊन स्वतः लिहितात."

आपलं झाकलेलं कुणी पाहिलं आणि त्याच्यावर गुपचूप आणखी एक पांघरूण घातलं, तर माणसाने त्याचे पाय धरावेत. मला राग आला. त्यांना कळलंय, आणि कळलंय हे मला कळलंय, आणि तरी रोज समोरासमोर उभं राहून दगडाबद्दल बोलायचं. त्यांनी एकदा तोंडावर म्हणायला हवं होतं. म्हटलं असतं तर मी काम सोडून गेलो असतो, हेही खरं. ते त्यांना माझ्याआधी समजलं असणार.

मग दिवस बदलले. नगर रोडला, हिंजवडीला काचेच्या इमारती उठायला लागल्या. साहेब म्हणायचे, "या इमारतींना कपडे घालायचे राहिलेत." पण ऑफिसात तरुण मंडळी आली, कॉम्प्युटर आले. साहेबांची बायपास झाली. एक मोठं काम आलं, सॉफ्टवेअर कंपनीचं, आणि ते ऑफिसाने घेतलं. साहेब घरी अंथरुणावर होते. नकाशा मशीनमधून निघून थेट साईटवर आला. सगळा इंग्रजी, आणि मापं मिलिमीटरमध्ये.

मी तो धरून उभा राहिलो. साईटवरचा इंजिनियर, पंचविशीचा पोरगा, म्हणाला, "काय बघताय मिस्त्री? लिहिलंय की त्यात. वाचा ना."

गडी हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माना खाली घातल्या, म्हणजे त्यांनाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं.

मी नकाशाची घडी केली, त्याच्या मोटरसायकलच्या सीटवर ठेवली, वर एक वीट ठेवली, वाऱ्याने जाऊ नये म्हणून. आणि घरी आलो.

महिन्याभराने साहेब खडकीला आले. रिक्षातून, काठी टेकत. मी खिडकीतून बघितलं आणि बायकोला म्हटलं, सांग, नाहीयेत. आतल्या खोलीत जाऊन बसलो. मध्ये एक पडदा होता. साहेबांना तो पडदा दिसत होता, आणि पडद्याखालून माझे पायही दिसत असणार.

"वहिनी, मिस्त्री कधी येतील?"

"सांगता येत नाही, साहेब. बसा ना."

ते बसले नाहीत. बुटांचा आवाज आला, मग अनवाणी पावलांचा. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. पडद्याशी थांबले.

"ही फरशी मिस्त्रींनीच घातली का?"

"हो."

"मग बरोबर आहे," म्हणाले. "त्यांना सांगा, मी येऊन गेलो. ऑफिसवाल्यांना मी बोललोय. त्यांनी यावं."

बायकोने पडदा बाजूला केला तेव्हा रिक्षा निघून गेली होती. "तुम्हाला काय झालंय?" ती म्हणाली. मी म्हटलं, माझा अपमान झालाय. तिने विचारलं, "कुणी केला? त्यांनी?" मी उठून पुन्हा आत जाऊन बसलो. कामावर गेलो नाही. साहेब गेल्याचं मला वाघोलीला कळलं, एका सोसायटीत फरशी घालताना. अंथरलेल्या पेपरात त्यांचा फोटो होता. मी तेवढा कागद बाजूला काढला आणि फरशीची ओळ पुरी केली.

"काका, तयार?"

मुलीने मला खुर्चीत बसवलं, शर्टाला छोटा माईक लावला. नात कॅमेऱ्यामागे उभी राहून हसत होती, अंगठा दाखवत होती. मी फरशीचं सांगितलं, काविळीचं सांगितलं, वास्तुपुरुषाचं सांगितलं. आजूबाजूचे लोक थांबून ऐकायला लागले. मुलगी खूश झाली.

"आणि काका, ती मराठी? ड्रॉइंग्ज अचानक मराठीत का करायला लागले सर?"

साहेबांचा तो चेहरा मला दिसला, आभाळासमोर कागद धरलेला. मी तोंड उघडलं. नातीकडे बघितलं. ती इतक्या अभिमानाने बघत होती, आजवर माझ्याकडे असं कुणी बघितलं नसेल.

"साहेबांना इंग्रजीचा राग होता," मी म्हणालो. "आपल्या मातीतलं काम आपल्या भाषेत व्हावं, असं ते म्हणायचे."

"फारच छान," मुलगी म्हणाली. "एक्झॅक्टली हेच हवं होतं."

शेवटच्या दालनात त्या सॉफ्टवेअर कंपनीची काचेची इमारत होती. नात पुढे गेली. "आजोबा, इकडे या. हे वेगळंय काहीतरी."

मशीनवर छापलेले नकाशे होते. सगळे शब्द इंग्रजी. आणि प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलने मराठी. अक्षर साहेबांचं, पण थरथरलेलं. ओळी खाली घसरलेल्या. मिलिमीटर खोडून बाजूला इंच आणि सुतं लिहिलेली. एका नकाशावर नाही, सगळ्यांवर. मी मोजायला लागलो आणि अकरावर सोडून दिलं.

"तारीख काय आहे?" मी विचारलं.

नातीने वाचली. मी काम सोडल्यानंतरच्या वर्षाची होती.

"पण आजोबा, तेव्हा तर तुम्ही सोडलं होतं ना? मग हे कुणासाठी लिहिलं असेल?"

त्या साईटवर माझ्यानंतर बिहारची, बंगालची माणसं होती. त्यांना मराठी येत नव्हती. इंजिनियरला त्याची गरज नव्हती. सुतं तर ऑफिसात कुणालाच समजत नव्हती.

"कुणास ठाऊक," मी म्हणालो. "आजारी होते. लहर आली असेल."

परत दारापर्यंत आलो तेव्हा त्या मुलीसमोर दुसरा कुणी बसला होता, दाढीवाला, इंग्रजीत बोलत होता. तिने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, काही राहिलंय का म्हणून. मी मान हलवली. राहिलं नाही.

प्रदर्शन आता दिल्लीला गेलंय. तिथं त्या मराठी नकाशांशेजारी पडदा लावलाय आणि त्यावर मी दिसतो, असं नात सांगते. तिने तो व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवला. माझ्या मोबाईलवरही आहे. मी बोलतो तेव्हा खाली इंग्रजीत ओळी येतात, दिल्लीच्या लोकांना कळावं म्हणून. त्या मला वाचता येत नाहीत. पण काय लिहिलंय ते मला ठाऊक आहे, आणि ते खोटं आहे.